विरजणाचा फेरफार

मधुसूदनरावांचं विरजण गेल्याचं त्यांना मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता कळलं. त्याआधी आठ दिवस ते यवतमाळच्या दवाखान्यात होते. डाव्या नडगीचं हाड मोडलं होतं आणि डॉक्टरांनी त्यात सळी घातली होती. मोडायचं कारण सांगण्यासारखं नव्हतं. पायरीवर झोपलेल्या कुत्र्याला उठवायला नको म्हणून ते त्याच्यावरून पाय टाकत होते आणि कुत्रं नेमकं तेव्हाच उठलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगत, आणि येणारा प्रत्येक जण आधी कुत्र्याला काही लागलं का ते विचारी.

बाभुळगावच्या घरी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत आणलं. पुण्याहून रजा काढून आलेल्या मुलीने, केतकीने, दिवाणावर गादी घातली होती. पायाखाली दोन उशा झाल्या, पाणी झालं. मग मधुसूदनरावांनी विचारलं, "फ्रीजमध्ये स्टीलच्या वाटीत दही होतं, ते आण बरं जरा."

"कुठलं दही?"

"वर बशी झाकलेली. खालच्या कप्प्यात."

"ते होय! बाबा, ते आंबटढाण झालं होतं. वर पिवळं पाणी सुटलेलं. मी फेकलं ते. आख्खा फ्रीज सोड्याने धुऊन काढला."

"फेकलं?"

"मग काय करणार?"

मधुसूदनरावांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "ते तुझ्या आईचं होतं."

शुभदाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्यामागे मधुसूदनराव स्वयंपाक शिकले नाहीत. दोन्ही वेळचा डबा खानावळीतून येई. पण रोज संध्याकाळी ते अर्धा लिटर दूध तापवत, बोट घालून कोमट झालं का बघत आणि कालच्या दह्यातलं चमचाभर त्यात सोडत. हे काम दीड वर्षात एकदाही चुकलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा शुभदाने ते विरजण माहेरहून, पुसदहून आणलं होतं. फिरकीच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून. लग्न आणि तहसील कचेरीतली नोकरी एकाच वर्षातली, त्यामुळे मधुसूदनराव ही गोष्ट कचेरीत पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. तहसीलदार बदलत, गोष्ट बदलत नसे. आमच्या घरचं दही पुसदचं आहे, अडतीस वर्षांत एक दिवस खंड नाही.

केतकी डोकं धरून बसली. "मला काय माहीत बाबा? फोनवर तुम्ही नुसतं 'ठीक आहे' म्हणता. दह्याचं कधी बोललात?"

"तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. जाऊ दे."

केतकी चौकात गेली आणि दुकानातून दह्याचा डबा घेऊन आली. मधुसूदनरावांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"यावर तारीख आहे."

"हो, ताजं आहे. कालचंच."

"तुझ्या आईच्या दह्यावर तारीख नव्हती," असं म्हणून त्यांनी डबा परत दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

गुरुवारी अर्पिता आली. ती यवतमाळची, व्यायाम करून घेणारी. आठवड्यातून दोनदा स्कूटीवरून यायची. वय सव्वीस-सत्तावीस, आवाज मोठा.

"काका, डॉक्टरांचं काम झालं. आता तुमचं काम सुरू. मन पॉझिटिव्ह ठेवायचं, हालचाल ठेवायची आणि रोज एक टार्गेट ठेवायचं."

"कसलं टार्गेट?"

"काहीही! आज पलंगापासून दारापर्यंत. उद्या दारापासून फाटकापर्यंत. ज्याला कुठे जायचं असतं ना काका, त्याचा पाय लवकर चालतो."

"मला कुठे जायचं नाही."

अर्पिताने तिच्या फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मधुसूदनराव तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये होते. टेबलापलीकडच्या साहेबाने काय लिहिलं ते उलटं वाचता येणं ही त्या खात्यातली पहिली विद्या. त्यांनी वाचलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवारी शेजारच्या बेबीताई आल्या. बेबीताईंच्या घरी दोन म्हशी आणि बोलण्याला अंत नाही.

"कसे हा भाऊजी? अन् हे काय व माय! डब्यातलं दही? अव केतकी, मी मेली काय? थांब, मी देतो विरजन."

"राहू द्या बेबीताई," मधुसूदनराव म्हणाले. मग सहज, काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कुठून आलं?"

"काय?"

"विरजण."

"कुठून म्हन्जे? मैनाबाईकडून आनलतं. गेल्या गनपतीत माह्यं नासलं होतं."

"आणि मैनावहिनींकडे कुठून आलं?"

"आता ते तिले इचारा. काहून?"

मधुसूदनराव कोपरावर उठून बसले. रेकॉर्ड रूममध्ये त्यांचं काम हेच होतं. कोणी तरी फाटका कागद घेऊन यायचा आणि म्हणायचा, हे वावर माझ्या आजोबाचं. मधुसूदनराव फेरफाराच्या नोंदी काढायचे. याच्या नावावर कोणाकडून आलं, त्याच्या नावावर कोणाकडून, कोणत्या साली. एकेक पायरी मागे जात मूळ नावापर्यंत पोहोचायचे. आणि शुभदाने तर सगळ्या गल्लीला विरजण दिलं होतं. सकाळी दारात वाटी घेऊन कोणी ना कोणी उभं असायचंच. त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं. मग एका तरी घरात ते अजून चालू असणार. मोडलं असेल ते आपल्या घरातलं, सगळीकडचं कसं मोडेल?

"केतकी, माझी जाड वही दे."

"बाबा, पडून राहा."

"वही दे. आणि तो वॉकर इकडे सरकव."

मैनाबाईंचं घर चार घरं सोडून होतं. वॉकरवर तिथे पोहोचायला बावीस मिनिटं लागली. ओट्यावर मैनाबाईंचे यजमान विठ्ठलराव पेपर वाचत बसले होते. विठ्ठलराव आणि मधुसूदनराव शाळेपासूनचे मित्र.

"अबे, हे काय? पाय मोडला न फिरून राह्यला?"

"वहिनी आहेत का? दह्याचं विचारायचंय."

"दह्याचं? डॉक्टरनं सळी पायात टाकली का डोक्यात?"

मैनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी आधी कुत्र्याची चौकशी केली. मग म्हणाल्या, "विरजन? सोनीबाईकडून आनलतं."

"आणि सोनीबाईंनी?"

"तिनं बेबीकडून."

"पण बेबीताई म्हणतात तुमच्याकडून."

"तं मंग बरोबर हाय न! तिचं नासलं तं माह्यं, माह्यं नासलं तं सोनीचं, सोनीचं नासलं तं तिचं."

मधुसूदनरावांनी वहीत तीन नावं लिहिली, बाण काढले आणि बघत बसले. "हा फेरफार गोल आहे," ते म्हणाले.

"मंग सोड न बावा," विठ्ठलराव म्हणाले. "गोल चीज कायले पकडतं?"

"गोल आहे म्हणून सोडत नसतात. त्यात पहिल्यांदा कुठून तरी शिरलेलं असतं. वहिनी, एक चमचा दही देता? आणि इथे सही करा."

"सही कायले?"

"सवय आहे."

सही घेतल्याशिवाय मधुसूदनरावांना लिहिलेलं खरं वाटत नसे. ही त्यांची चूक झाली, पण ते पुढे कळलं.

त्या दिवसापासून रोज एक घर सुरू झालं. सकाळी सातला मधुसूदनराव दाढी करून तयार असत. वॉकरच्या दांडीला केतकीने पिशवी बांधून दिली होती. तिच्यात वही, पेन आणि चमचा. घरोघरी ते तेच विचारत. विरजण कोणाकडून आणलं, कोणत्या साली, मध्ये कधी नासलं का. मग चमचाभर चाखत, डोळे मिटत आणि लिहीत. 'मैनाबाई. आंबट. शंका.' 'सोनीबाई. गोडसर, पण पातळ. शंका.' कोणी सांगे दुकानातून, कोणी सांगे सुनेने आणलं, सुनेला विचारा, आणि सून माहेरी राळेगावला. सुनेला फोन लावला जाई. मधुसूदनरावांना मजा वाटू लागली होती. बायका काय काय लक्षात ठेवतात! घराचा नंबर आठवत नाही, पण कोणी कवडीचं दही दिलं आणि कोणी मुद्दाम पाणी घालून दिलं ते वीस वर्षं आठवतं.

पुढच्या आठवड्यात अर्पिता आली. त्या आठवड्यात दोन्ही वेळा ते घरीच नव्हते. तिसऱ्या वेळी तिने त्यांना गल्लीच्या टोकाला गाठलं.

"काका! फाटकापर्यंत आलात?"

"फाटक केव्हाच झालं. अकरा घरं झाली."

"अहो पण पाय? सूज?"

"संध्याकाळी येते. सकाळी आठवत नाही."

अर्पिताने पाय तपासला, गुडघा वाकवून पाहिला आणि फाइलमधलं आधीचं वाक्य खोडलं. मधुसूदनरावांनी उलटं वाचलं, 'प्रगती उत्तम.' "मी बाकीच्या पेशंटना तुमचं उदाहरण देते काका," ती म्हणाली. "असा पॉझिटिव्ह माणूस पाहिजे." कशामुळे पॉझिटिव्ह, ते तिने विचारलं नाही.

आता चूक कशी झाली ते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस जाड वही घेऊन घरोघरी फिरतो, घरातल्या बाईचं नाव विचारतो, दही किती वर्षांपासून लावता ते लिहितो आणि सही घेतो. याचा अर्थ बाभुळगावात लहान पोरालाही कळतो. हा सर्वे आहे. तांड्यावरून दूध घालायला येणाऱ्या हंसाबाईने पहिल्यांदा तोंडावर आणलं, आणि दुधाबरोबर ते तीन गल्ल्यांत पोहोचलं. घरी दही लावणाऱ्या बायांना सरकार विजेवरची रवी देणार आहे. फुकट. मात्र विरजण जुनं पाहिजे, आणि शुभदाबाईंच्या विरजणाला पहिला नंबर आहे. यादी मधुसूदनरावांकडे आहे. पाय मोडला म्हणून त्यांना हे बसून करायचं काम दिलं आहे. मधुसूदनरावांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण ते कोणाला अडचणीचं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी केतकीने दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं.

"बाबा, बाहेर या."

"कोण आलंय?"

"दही."

ओट्यावर चौदा बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात झाकलेली वाटी, आणि वाटीखाली आधार कार्डाची झेरॉक्स. दोघींनी पासपोर्ट फोटो आणले होते. हंसाबाईने रेशनकार्ड मूळ प्रत आणली होती. विठ्ठलराव फाटकाशी उभे राहून मजा बघत होते.

"योजना नाही," मधुसूदनराव वॉकर धरून म्हणाले. "कुठलीही योजना नाही. रवी-बिवी काही मिळणार नाही."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "पहिले असंच म्हनतेत," हंसाबाई म्हणाली. "घरकुलाच्या वक्ताले बी असंच म्हनलतं."

"बरं, तुमचं दही कोणाचं?"

"शुभदाताईचं."

"आणि तुमचं?"

"शुभदाताईचंच. त्याइनं सोता देल्लं, ह्या हातात."

"सोनीबाई, मागच्या बुधवारी तुम्ही म्हणालात बेबीताईंचं. ही बघा तुमची सही."

"तवा मले याद नव्हती."

दुसरा कोणी असता तर दार लावून आत गेला असता. पण मधुसूदनरावांना वेगळाच अनुभव होता. वावराच्या भांडणात दहा खोटे दावे आले की त्यांत एखादा खरा असायचा, आणि तो बहुतेक मागे, गप्प बसलेला असायचा. त्यांनी खुर्ची मागवली, पाय स्टुलावर ठेवला आणि वही उघडली. "एकेक जण या."

"बाबा, डिसेंबर आहे," केतकी म्हणाली. "चौदा वाट्या दही? घसा बसेल."

"चमचाभरच खातो."

पण चमचाभराने भागेना. प्रत्येकीला वाटे की आपलं नीट चाखलं नाही. "साय खाल्ली तुमी, खालचं खा." "तिचं दोनदा खाल्लं, माह्यं एकदाच काहून?" नवव्या वाटीला त्यांचा आवाज चिरकला. बाराव्या वाटीपर्यंत नुसती कुजबुज उरली. त्याचा परिणाम उलटाच झाला. ऐकू यावं म्हणून सगळ्या जणी गप्प बसल्या, पुढे वाकल्या, आणि ओट्यावर कोर्टासारखी शांतता पसरली.

त्या शांततेत मैनाबाई म्हणाल्या, "खरं सांगू काय? माह्यंच खरं हाय. शुभदा विरजन पहिले मले द्यायची. मंग बाकीच्याइले."

बेबीताई नंतर येऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या पंधराव्या, आणि वाटी न आणलेल्या एकट्याच. त्या म्हणाल्या, "मैना, गप राह्य."

"काहून गप राहू? तुह्यं हाय काय तिचं?"

"माह्यं बी नाही, तुह्यं बी नाही. कोनाचंच नाही. अव, तिचंच तिचं नव्हतं!"

बोलून झाल्यावर बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. "चालली मी. म्हशीले पानी पाजाचं हाय."

"बेबीताई," मधुसूदनराव कुजबुजले. "बसा."

बेबीताई बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ते पुसदचं विरजन पहिल्याच उन्हाळ्यात मेलं. लग्नाले तीन महिने बी नसतीन झाले. मी बी नवीनच आलती. शुभदाताई रडत माह्या सासूकडं आली. म्हने, हे कचेरीत सगळ्याइले सांगून राह्यले का आमच्या घरी पुसदचं दही हाय, न आता मी काय तोंड दाखवू? सासूनं आमच्या म्हशीचं विरजन देल्लं. म्हने, घेऊन जाय पोरी, दह्याले कोनी गाव इचारत नाही."

मधुसूदनरावांनी पेन उचललं, पण लिहिलं नाही. "एकदाच ना?"

"एकदा? मी मोजलं नाही भाऊजी. तुमी नागपूरले ट्रेनिंगले गेलते तवा नेलं. केतकी झाली तवा नेलं. फ्रीज नव्हता तवा तं दर उन्हाळ्यात."

"पण मी सकाळी बघायचो. बायका वाटी घेऊन आमच्या दारात यायच्या."

"भरेल वाटी घेऊन यायच्या, भाऊजी. द्याले."

मैनाबाईंनी हळूच हात वर केला. "एकदा माह्याकडून बी नेलं. मले म्हने, बेबीले सांगू नको."

"तुह्याकडून? मले नाही सांगतलं तिनं!" बेबीताईंना हे जास्त लागलं.

"मी बी दिलतं," सोनीबाई म्हणाल्या. "मैनाले सांगू नको म्हने."

"मी तं दुधासंगच आनत होती," हंसाबाई म्हणाली.

मग एकेक जण बोलू लागली. चौदांपैकी चौदा जणींनी कधी ना कधी शुभदाला विरजण दिलं होतं, आणि प्रत्येकीला तिने दुसरीला सांगू नको म्हणून बजावलं होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकाच माणसाला, आणि तो माणूस तहसीलचं रेकॉर्ड सांभाळत होता.

"पण मला का नाही सांगितलं तिने?" मधुसूदनरावांनी विचारलं. आवाज जवळजवळ नव्हताच. केतकीला ते मोठ्याने परत सांगावं लागलं.

बेबीताई म्हणाल्या, "मी इचारलतं एकदा. म्हटलं, सांगून टाक न, काय खातेत काय तुले? तं म्हने, अव, किती खुशीत सांगतेत ते. त्याइच्याजवळ सांगाले दुसरी गोष्टच नाही. राहू दे."

मधुसूदनरावांचे खांदे हलायला लागले. तोंडातून आवाज येत नव्हता. केतकी पाणी आणायला धावली. सोनीबाईंनी डोळ्याला पदर लावला. विठ्ठलराव फाटकातून लगबगीने आत आले आणि त्यांनी वाकून मित्राचं तोंड पाहिलं.

"अबे, हे तं हासून राह्यलं!" ते म्हणाले.

घसा पार बसल्यामुळे हसणं बाहेर येत नव्हतं, एवढंच. दीड वर्षात ते हसले नव्हते, त्यामुळे केतकीलाही ओळखता आलं नाही. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, वहीचं नवं पान काढलं आणि कुजबुजले, "अजून काय काय न्यायची ती?"

बायका आधी लाजल्या. मग सुटल्या. दिवाळीचे अनारसे सोनीबाईंचे असत. कोहळ्याच्या वड्या बेबीताईंच्या. फार काय, अंगणातली अबोली मेली तेव्हा हंसाबाईने तसंच रोप आणून दिलं होतं, आणि मधुसूदनराव आठ दिवस त्याला जुनं समजून पाणी घालत होते. ते सगळं लिहून घेत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, "हा स्वेटर मात्र तिने विणला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

मैनाबाई छताकडे बघायला लागल्या.

"लोकर म्या आनलती यवतमाळवरून," विठ्ठलराव म्हणाले. "तू घरी आला का ती सुया हातात घेऊन बसायची. दोन टाके टाकायची. तू गेला का मैना ते उसवून पुढचं विनायची."

दुपारी बारापर्यंत हे चाललं. निघताना हंसाबाईने विचारलं, "मंग साहेब, रवी कधी भेटन?"

"योजना नाही, हंसाबाई."

या वेळी तिने ते मानलं. सरकारी माणूस असा हसत नाही, असं ती जाता जाता बाकीच्यांना म्हणाली. झेरॉक्स सगळ्यांनी परत नेल्या. दही ठेवून गेल्या. केतकीने तीन दिवस कढी केली.

सोमवारी अर्पिता आली आणि खुणांनी आणि कुजबुजीने बोलणारा पेशंट बघून चिडली. "चौदा वाट्या? या थंडीत? काका, मी ॲक्टिव्ह राहा म्हटलं होतं!" पण पाय पाहून तिचा राग उतरला. वॉकर काढून तिने त्यांच्या हातात काठी दिली. "बरं, ते टार्गेट काय होतं तुमचं? झालं का पूर्ण?"

मधुसूदनरावांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं, 'टार्गेट मुळातच नव्हतं, असं निघालं.'

त्या दिवशी ते पुन्हा दिवाणावर पडून राहिले. भिंतीकडे तोंड नव्हतं, पण दाढीही केली नव्हती. केतकीने बेबीताईंकडून विरजण आणून दूध लावलं होतं. चांगलं घट्ट लागलं. मधुसूदनरावांनी खाल्लं, छान आहे म्हणाले आणि वाटी खाली ठेवली. गोष्ट ऐकायला मजेची होती. पण तिच्या हातचं असं काही घरात उरलं नाही, हे काही त्या गोष्टीने बदललं नव्हतं.

केतकीचं मात्र कुतूहल शमलं नव्हतं. तिने पुसदला चारुदत्तमामाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मामा, आजीचं विरजण असायचं ना, ते तुमच्याकडे अजून आहे का?"

"आजीचं? छे. ती गेली त्याच वर्षी मोडलं. आमच्याकडे तुझ्या आईचं आहे."

"आईचं म्हणजे?"

"ताई राखीला आली होती. आईचं विरजण मोडलं म्हणून तुझी मामी, गौरी, हळहळत होती. तर दुसऱ्या खेपेला ताई बाभुळगावहून डब्यात घालून घेऊन आली. म्हणाली, माझ्या हातचं आहे, घे. झाली की पंधरा-सोळा वर्षं. आम्ही इथे सगळ्यांना सांगतो, आमच्या घरचं दही बाभुळगावचं."

मधुसूदनराव उठून बसले. त्यांनी फोन हातात घेतला आणि बसक्या आवाजात म्हणाले, "चारुदत्त, मध्ये कधी मोडलं का? खरं सांग."

"नाही, भावजी. गौरी फार कडक आहे त्या बाबतीत. शेजारी मागायला आले तर देते. घेत कोणाकडून नाही."

"एखाद्या उन्हाळ्यात? तुम्ही सगळे गावाला गेलात तेव्हा?"

"बरोबर घेऊन जाते. तिरुपतीला नेलं होतं. पण काय झालं? पाठवून देऊ का? इथून यवतमाळच्या गाडीत ड्रायव्हरकडे देतो."

"नको. ड्रायव्हरकडे नको. गौरीची सही लागेल. मीच येतो."

"सही?" चारुदत्त म्हणाला. "कशावर?"

फोन ठेवल्यावर मधुसूदनरावांनी वही उघडली. देणार, शुभदा मधुसूदन, राहणार बाभुळगाव. घेणार, गौरी चारुदत्त, राहणार पुसद. शेवटच्या रकान्यात त्यांनी सगळीकडे 'शंका' लिहिलं होतं. इथे त्यांनी तो रकाना मोकळा सोडला.

अर्पिताने महिनाभर एसटी नको म्हणून सांगितलं. पायरी उंच असते, आणि यवतमाळला गाडी बदलावी लागते. मधुसूदनरावांनी वाद घातला नाही. ओट्याच्या पायऱ्यांवर ते सकाळी वीसदा आणि संध्याकाळी वीसदा चढतात-उतरतात. विठ्ठलराव समोर बसून मोजतात आणि मुद्दाम चुकतात. केतकी गेल्या बुधवारी पुण्याला परत गेली. रोज फोनवर ती पायाचं विचारते आणि मधुसूदनराव तिला गल्लीतलं काहीतरी नवीन सांगतात, कारण बायकांचं सांगून अजून संपलेलं नाही.

आता घरात दही बेबीताईंचं लागतं. पुसदला जाणं अजून झालेलं नाही.